अकरा बंदरं आणि अर्धी दाढी

—नाही, नाही, आता बोलायचं नाही साहेब, फेस लागलाय. एकदा फेस लागला की गिऱ्हाईकानं तोंड मिटून बसायचं, हा या दुकानाचा नियम — पंचवीस वर्षं झाली, भिंतीवरच्या त्या घड्याळाइतका जुना आणि त्याच्यापेक्षा वक्तशीर. का? — विचारू नका, मीच सांगतो — आमचा नावाडी, काल ज्यानं तुम्हाला नदीपार आणलं ना, तोच, एकदा वस्तरा हनुवटीवर असताना खो खो हसला. माझ्याच विनोदाला हसला, त्याची चूक नाही. पण त्याच्या हनुवटीवर ती खाच आहे ना, ती जन्मजात नव्हे. तेव्हापासून काय सांगायचं ते बोटांनी. एक बोट म्हणजे पावडर. दोन बोटं म्हणजे मिशी बारीक. तळहात म्हणजे थांबा, शिंक येतेय. आरशाकडे बोट म्हणजे मागून मान दाखवा. बास, एवढ्यात माणसाचं सगळं भागतं. अख्खं गाव या खुणांनी बोलतं माझ्याशी, आणि मला खूण कळली नाही असं आजवर झालेलं नाही. तो फोन द्या इकडे, साबण उडेल — हा असा आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्यामागे टेकवून ठेवतो. वर रुमाल टाकतो. अहो, हात कशाला पुढे करताय? गावात रेंज नाही, तर फोन चोरून चोर करणार काय, खिळे ठोकणार?

हां, मान जरा तिरकी. तर काल चौकात तुम्ही जे सांगत होतात ते मी शेवटपर्यंत ऐकलं. लोक म्हणतात हा दुसऱ्याचं ऐकून घेत नाही — घेतलं. वर आकाशात म्हणे हजारो उपग्रह सोडलेत, छोटे छोटे, मुंग्यांसारखे रांगेनं चाललेले. एक आपल्या डोक्यावर येतो, चार-पाच मिनिटं नेट देतो, आणि डोंगराआड बुडायच्या आत काम पुढच्याच्या हाती सोपवतो. पुढचा त्याच्या पुढच्याच्या. म्हणून जिथे तार आली नाही, टॉवर आला नाही, जिथे निवडणुकीचा उमेदवारसुद्धा एकदाच आला, तिथेही नेट येणार. छान आहे. ऐकायला छान आहे. पण जरा धंद्याच्या नजरेनं बघा — अर्धी दाढी एकानं करायची आणि निघून जायचं, उरलेली अर्धी येईल त्या पुढच्यानं करायची? बसेल कोणी अशा दुकानात? एकाचा हात हलका, एकाचा जड, एक वाटेत चहाला थांबला तर? मी हे चौकातच विचारणार होतो, पण म्हटलं नको, पाहुण्याचा चारचौघांत पाणउतारा कशाला.

काय, आरसा? मान बघायची? अहो, आत्ता कुठे डावा गाल चाललाय, मान कसली बघता — बरं, बरं, ही बघा. दिसली? झकास आहे मान. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाची मान अशीच असते, बारीक, वर बघून बघून लांब झालेली. पुन्हा आरसा? एकदा दाखवली ना! — आ करू नका, आ करू नका — बघा, गेला ब्रश तोंडात. म्हणून नियम असतो. थुंका. पुसा. आता पुन्हा फेस लावायला लागणार, पहिल्यापासून. नाही नाही, मला अजिबात त्रास नाही. अडीच तर वाजलेत. शेवटची होडी साडेतीनची. ती चुकवून तुम्हाला चालायचं नाही, उद्या पलीकडच्या गावांना तारखा दिल्यात तुम्ही, काल सांगत होतात. आणि आमच्याकडे पुन्हा फेरी तीन महिन्यांनी. म्हणजे आजच्या आज तुम्हाला छपरांवर चढायचंय, त्या नेटच्या थाळ्या ठोकायच्यायत — पण म्हटलं, आधी दाढी. दाढी वाढलेला माणूस छपरावर दिसला की लोक दगड मारतात.

खडखड कसली ती? आमच्या घराच्या मागच्या छपरावर सकाळीही होत होती म्हणे, मांजर असणार. मी नव्हतो ना घरी. म्हातारे मास्तर आजारी आहेत, त्यांची दाढी घरी जाऊन करावी लागते, दुपारपर्यंत तिकडेच. हे समोर, गल्लीपलीकडे, ते निळं दार — ते माझं घर. काय, समोर बोट? हो, हो, तेच सांगतोय, तेच. आवाज येतोय ना टकटक टकटक? आमच्या हिचं शिवणयंत्र. गावाचे निम्मे कपडे तिच्या हातचे आणि निम्मी डोकी माझ्या हातची. माणूस आमच्या दोघांतून गेल्याशिवाय माणसात येत नाही इथे.

आता तुम्हाला एक विनंती. गावाच्या भल्यासाठी करतोय, माझं त्यात काही नाही. हे नेट — आणलंच पाहिजे का? रागावू नका. तळहात? शिंक? या, येऊ दे — नाही? गेली? जाते कधी कधी. तर असं आहे साहेब, की या गावाला जगातलं जे काही माहीत आहे ना, ते या खुर्चीतून माहीत आहे. वर्तमानपत्र येतं तिसऱ्या दिवशी, तेही भिजून. लोकांना प्रश्न पडतात. पडणारच. कुणाला विचारतात? मला. आणि गिऱ्हाईकानं प्रश्न विचारला, तर 'माहीत नाही' म्हणायचं? शोभतं का? तोंडाला फेस लावलेला माणूस किती विश्वासानं बघत असतो आरशातून. मी कधीच कुणाला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात, तसं नव्हे हां — मी रेटत नाही, मी समजावून सांगतो.

उदाहरणार्थ आमचा गिरणीवाला. त्यानं विचारलं, टक्कल कशानं पडतं. मी म्हटलं, उजव्या कुशीवर झोपल्यानं, रक्त एका अंगाला जातं. झालं — अकरा वर्षं हा माणूस उजव्या कुशीवर झोपलेला नाही. बायको उजवीकडे. अकरा वर्षं त्यानं बायकोकडे पाठ केलीय, माझ्या एका वाक्यावर. टक्कल पडलंच, ते सोडा. नावाड्याला मी सांगितलं की माशांना मोठा आवाज सोसत नाही, बहिरे होतात. तो होडीत गायचा, त्यानं गाणं सोडलं. तेवढं मात्र मी पुण्य केलंय, तुम्ही त्याचं गाणं ऐकलेलं नाही. शाळेतल्या बाईंना सांगितलं, जिराफाला मानेत दोन हृदयं असतात, नाहीतर एवढ्या उंच रक्त चढणार कसं? त्यांना पटलं. मुलं परीक्षेत लिहून आली. तालुक्याहून चौकशी आली होती. आता सांगा, उद्या प्रत्येकाच्या खिशात नेट. गिरणीवाला पहिल्या रात्री काय विचारेल? कूस विचारेल! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो इथे येईल, या खुर्चीत बसायला नव्हे.

एक बोट? पावडर? आत्ता, फेसावर? तुम्ही म्हणाल तसं. घ्या. शिंकू नका.

हसलात का तुम्ही? नाही? मग कोण हसलं? बाईमाणसासारखं — बाहेर तर कुत्रंसुद्धा नाही. जाऊ दे. यंत्र थांबलं वाटतं समोरचं. दोरा तुटला असेल.

आता कानाकडे काय बोट करताय? कानातले केस? — आहेत खरे, बरेच आहेत, मघाशीच म्हणणार होतो पण पहिल्या भेटीत कानाविषयी बोलू नये. कात्री घेतो बारीक. हलू नका. ही खूण नवीन आहे पण कळली बघा मला लगेच.

खरं सांगू का साहेब? — तुम्ही परगावचे, साडेतीनला निघून जाणार, म्हणून सांगतो. गिरणीवाल्याचं मी निभावून नेईन. म्हणेन, नव्या शोधाप्रमाणे डावी कूस, जुन्या शोधाप्रमाणे उजवी. गाव आपलंच आहे, हसतील आणि विसरतील. मला खरी धास्ती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. आमच्या हिच्या. ती नाही विसरायची. तिनं दाराच्या आतल्या बाजूला खडूनं यादी लिहिलीय — अकरा नावं, खाली एक रेघ, आणि रेघेखाली 'नेट आलं की आधी ही बघायची'. तुमच्या कंपनीचा कागद आला त्या दिवशी लिहिली. पहिलं नाव कोणी नोंदवलं तुमच्याकडे, माहितीय? हिनं. मला न विचारता. सव्वीस वर्षांत एक लोटीसुद्धा मला विचारल्याशिवाय घेतली नाही तिनं — म्हणजे घेतली, पण नंतर सांगितलं. आणि हे सरळ सही करून मोकळी.

ती अकरा नावं म्हणजे बंदरं आहेत. मी पाहिलेली. म्हणजे — थांबा, वस्तरा पुसतो. 

लग्न ठरत होतं तेव्हा हिला दोघंजण सांगून आले होते. एक मी, आणि दुसऱ्याकडे ट्रॅक्टर. माझ्याकडे काय? मामानं दिलेली कात्री. पण ही म्हणाली होती, मला ट्रॅक्टर नको, नदीच्या पलीकडचं काही पाहिलेला माणूस हवा. हे माझ्या कानावर आलं. आणि मी खरंच दोन वर्षं बाहेर होतो हो, खोटं नाही, खाली बंदराच्या शहरात. तिच्या वडिलांनी विचारलं, काय करत होता तिथे? आणि माझ्या तोंडून गेलं — जहाजावर न्हावी होतो. झालं. एकदा तोंडून गेलं ते गेलं. कुठे कुठे गेलात? म्हटलं, अकरा बंदरं. दहा म्हटलं असतं तर ठरवून सांगितल्यासारखं वाटलं असतं, म्हणून अकरा.

जहाज? अहो, जहाज मी पाहिलंय — धोबीखान्याच्या खिडकीतून! दोन वर्षं खलाशांच्या कपड्यांना इस्त्री करत होतो. डाव्या कोपराला भाजल्याचा डाग आहे अजून, हिला सांगितलंय वादळात पडलो. मला पाणी सोसतच नाही. ही आपली नदी, नावाडी दहा वेळा वल्हं मारतो की पैलतीर येतो, तेवढ्यात मी हिरवा होतो. पण खलाशांच्या खिशांत काड्यापेट्या सापडायच्या. जगभरच्या. त्यांच्यावर चित्रं असायची. कुणी परत मागायला येत नसे. मी ठेवून घेतल्या. त्या मात्र — दाखवू? कधी कुणाला दाखवल्या नाहीत. या बघा, वस्तऱ्यांच्या खणात, तळाला. अकरा. मोजा. ही, लाल दीपगृह आणि पायऱ्यांचं गाव. ही, काचेच्या छपराचा बाजार. ही, मनोऱ्यावर कोंबडा आणि त्याच्यापुढे भोपळ्याएवढं घड्याळ. काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, लिपीच वेगळी. नावं मीच ठेवली. घाईत सुचेना, तेव्हा एका बंदराला मामाच्या शेळीचं नाव दिलंय. ते दारावर तिसरं आहे.

आणि मग सव्वीस वर्षं साहेब, रोज दिवेलागणीला, एक बंदर. ही यंत्रावर, मी खाटेवर. चित्रात दिसतं तेवढं दोन महिन्यांत संपलं. मग मी चित्राच्या कडेच्या पुढे गेलो. बाजारात शिरलो. काचेच्या छपरावर गारा पडल्या की बायका भांडी वाजवून आवाज बुडवतात, असं सांगितलं. दीपगृहाच्या पायऱ्या चढताना माणसं मोजतात आणि प्रत्येकाला वेगळा आकडा येतो, म्हणून तिथे भांडणं फार. कोंबड्याच्या घड्याळाच्या शहरात मी महापौरांची दाढी केली, त्यांना तिळावर तीळ होता. सगळं नवं, रोज. आणि एक सांगू? गोष्ट साधी असली की हिचं यंत्र चालू असतं. गोष्ट रंगली की यंत्र थांबतं. टकटक बंद. मी खाटेवर डोळे मिटून बोलत असतो, पण कान त्या यंत्राकडे. ते थांबलं की मला — काय सांगू — मला वाटतं मी खरंच गेलो होतो. मी सगळ्यात सुखी असतो तो तेवढा वेळ.

आता ती नेटवर शेळीचं नाव टाकणार. जग म्हणणार, असं बंदर नाही. दुसरं टाकणार. नाही. तिसरं, नाही. अकराही नाही. मग ती माझ्याकडे वळून बघेल. मला भीती वाटते साहेब. रागाची नाही. भांडलो तर आम्ही झकास भांडतो. मला भीती कशाची — की ती काहीच म्हणणार नाही, आणि संध्याकाळी यंत्र आपलं चालूच राहील. म्हणून तुम्हाला धरून बसलोय. हो, मुद्दाम. तुमचा डावा गाल मी आत्तापर्यंत तीनदा केलाय. चौथ्यांदा केला तर आतलं हाड दिसेल. उजव्याला हातसुद्धा लावला नाही. साडेतीनची होडी सुटू दे, तीन महिने मिळतील, तीन महिन्यांत मी काहीतरी — महापूर, भूकंप, अकरा बंदरं बुडवीन हवं तर एकेक करून —

हे काय? अंगठा आणि करंगळी? कानाला? ही खूण आपल्यात नाही. अंगठा इकडे, करंगळी तिकडे... हां! मिशीची टोकं वर वळवू! कळलं. देतो वळवून. हे एवढे डोळे कशाला मोठे करताय, बरी दिसेल —

कोण म्हणालं 'अहो'?

तुम्ही? फेसातून? नाही... तुमचा आवाज असा नाही. हा आवाज मी... आरशातून आला. पावडरच्या डब्यामागून. रुमाल... रुमालाखाली —

अगं!

तू — तू यात काय करतेस? भिंतीला कान असतात ऐकलं होतं साहेब, आरशाला बायको असते हे आज कळतंय! हे चालू आहे? कधीपासून? — बोला आता, फेस गेला खड्ड्यात, तोंड उघडा! — सकाळी? सकाळीच बसवलंत? आमच्या मागच्या छपरावर, पहिलं नाव म्हणून? ते मांजर नव्हे, तुम्ही होतात? आणि तासभर कॉल चालू ठेवून तुटतो का बघायला एक फोन तिच्यापाशी, एक तुमच्या मांडीवर... आणि गल्ली ओलांडून कुठवर पोचतं ते बघायला मुद्दाम माझ्याकडे दाढीला... मग सांगायचं नाही का आधी! खुणा केल्यात. हो. केल्यात. कान दाखवलात. घर दाखवलंत. मी कानातले केस कापले. तुटलं का मध्ये? एवढे उपग्रह गेले असतील डोक्यावरून, एकाच्या तरी हातून निसटायचं — शेळीपाशी तरी! नाही? एकानंसुद्धा काही सांडलं नाही?

अगं, ऐक. ऐकलंस ना. सगळं. शेळी पण. ...हो. ...हो, इस्त्रीचा डाग. ...काय? तुला माहीत होतं? कधीपासून? ...लग्नाच्या दुसऱ्या दिवशी? होडीत? ...दोर सोडायच्या आधीच ओकलो होतो मी, बरोबर आहे, पण ते जेवणामुळे म्हटलं होतं ना मी — बरं. बरं, नाही. मग सव्वीस वर्षं बोलली का नाहीस बाई? ...'बोलले असते तर पुढचं बंदर सांगितलं असतंत का?' ...असं म्हणतेस. ...मग ती यादी? दारावरची? माझी झोप उडालीय दोन महिने, मला वाटलं तू तपासून बघणार. ...नाही? ...पुन्हा बोल. नीट ऐकू आलं नाही. ऐकू आलं, पण पुन्हा बोल. ...म्हणजे मला दाखवायला?

साहेब, ती मला म्हणतेय, 'तुम्ही बिचारे कुठे पाहिलीत ती गावं. म्हटलं एकदा तरी तुम्हाला दाखवावीत.'

...हो, आहे. ऐकतोय. साबण गेलाय डोळ्यात, दुसरं काही नाही. ...काड्यापेट्या? आहेत ना, सगळ्या आहेत. चित्र फोनसमोर धरलं की नेट गाव ओळखतं? तुला कोणी सांगितलं — साहेबांनी, सकाळी. शिकूनसुद्धा झालं तुझं! पण तिथे गारा पडल्यावर कुणी भांडी वाजवत नसेल गं. ...नसू दे? ...महापौर तर मी... बरं. बरं, आलो. कोंबड्याची आधी नको, ती शेवटी. आलो म्हटलं ना.

उठा. उठा साहेब, कापड काढा, खुर्ची सोडा. दुकान बंद. तीनला पाच कमी आहेत, जा, बाकीच्यांची छपरं उरका, होडी मिळेल तुम्हाला — फक्त गिरणीवाल्याचं सगळ्यात शेवटी जोडा, अजून थोडा वेळ झोपू दे त्याला डाव्या कुशीवर. तो फोन असू दे तिथेच, चालू, नंतर न्या. तुमची मिशी एका बाजूनं वळलीय, छान दिसते. काय? उजवा गाल? अहो, मी निघालो, मला अकरा बंदरं गाठायचीयत. अर्धी एकानं करायची आणि उरलेली पुढच्यानं, तुमचंच म्हणणं आहे ना? मग धरेल पुढचा कोणीतरी. चला, व्हा बाहेर, मला कुलूप लावायचंय.